पायातला पिवळा दोरा

वळसंग, ता. ७ जानेवारी १९३२

चि. सौ. गोजाबाईस थोरल्या भनीचा आशीर्वाद. वि. वि.

हितं मी आन कोकरं बरी हाय. तुजं दाजी मोठी मेंढरं घिऊन नदीकडं गेल्यात, व्यालेल्या मेंढ्या माज्या गळ्यात टाकून. न्हायतर सोलापूरला कवाच आले असते. तुजी पोरगी मायाक्का म्हैनाभर तापानं पडलीय आन तू दोनच वळी लिहितीस. मायाक्का काय खाती, वैद काय म्हणतो, काय बी न्हाय. अक्षर येतंय की तुला.

आता वंगाळ सांगती. पोरीचा ताप उतरावा म्हणून तू मरीआईला नवसाची बोललेली तांबडी कोंबडी, ती तलंग, लंगडाय लागली. देवीची खूण म्हणून पिवळा दोरा तिच्या पायाला मीच बांधला. तवा ती मुठीएवढी हुती. मी घाईत करकचून बांधला आन फिरून बघितलं न्हाय. पाय वाढला, दोरा कसा वाढंल? मांसात रुतलाय. पाय सुजून वांग्यागत झालाय. हळद लावती, चुलीपाशी पाटीखाली झाकून ठिवती. पर दोरा हाय तवर गुण न्हाय. लंगडं कोंबडं आईला चालत न्हाय, हे तुला ठावं हाय. काय करू ते कळीव.

मायाक्काला सांगू नको. दिवाळीला तिनंच तिला हातानं कण्या चारल्या हुत्या.

माया हाय ती हाय, लिहायला नको.
केराबाई

सोलापूर, ता. १० जानेवारी १९३२

ती. अक्कास गोजाबाईचा सा. न. वि. वि.

तुजं पत्र ह्येंनी मोठ्यानं वाचलं. पोरगी निजलीय वाटलं, पर ती जागी हुती. तिला समदं कळलं.

अक्का, हात जोडती, दोरा कापू नको. नवस फेडायच्या आदी दोरा तुटला की नवस तुटला, हे आयनं आपल्या दोगींना सांगितलं हुतं. तू ल्हानपणापासनं उतावळी, भाकर फुगायच्या आदी उलथणारी. येवढा येळ दम धर. वैद म्हणतो, हे आठ दिस निभावले तर पोरगी हाताला लागंल. पाणी सुदीक पोटात ठरत न्हाय. हात बघितलास तर वळखायची न्हाईस.

धाकटीवर लोभ ठिव, आन तिचं येकदा तरी ऐक.
गोजा

वळसंग, ता. १३ जानेवारी १९३२

चि. सौ. गोजाबाईस आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावलं. तलंगीची सूज उतरली. काल दाणं टिपलं, आज पाटी उचलली तर उभी राहिली. तेवढं मायाक्काला सांग. दोऱ्याचं तू लिहिलंस ते वाचलं. पोरीला पेज पातळ दे. जास्त लिहीत न्हाय, मेंढी अडलीय.

केराबाई

सोलापूर, ता. २४ जानेवारी १९३२

ती. अक्कास,

पोरगी जाऊन आठ दिस झाले. तिसऱ्या दिशी तू मातीवर दूध घालायला आलीस, पदर तोंडावर वढून बसलीस आन बोलल्याबिगर निघून गेलीस. जी जलमात कुणाला बोलायची सोडत न्हाय ती अक्का गप. तवाच मला उमगलं. दोरा कापलास न्हव? कवा कापलास ते लिही.

गोजा

वळसंग, ता. २७ जानेवारी १९३२

गोजा,

कापला. पैलं पत्र पोष्टात टाकून घरी आले, तर ती पाटीखाली चोचीनं सोताचाच पाय टोचत हुती. तुज्या उत्तराची वाट बघवली न्हाय. इळा घेतला आन कापला, दोरा चुलीत घातला. तुजं "कापू नको" आलं तवा त्याची राख बी उकिरड्यावर गेली हुती. मग पत्रात लपवलं. भ्यालते.

बांधला बी मीच, कापला बी मीच. पोर माज्या हातानं गेली म्हणायचं असंल तर म्हण, मी तोंड वर करणार न्हाय. तलंग जगली. दोन बोटं गळून पडली. तिला बघवत न्हाय आन कुणाला देववत बी न्हाय. तुज्या दारात आता येणार न्हाय.

केराबाई

सोलापूर, ता. ३१ जानेवारी १९३२

ती. अक्कास गोजाबाईचा पायावर माथा. वि. वि.

लपवलं ते मी बी. तुजं पैलं पत्र वाचलं त्या सांजेला मायाक्का म्हणाली, "मावशीला लिही, दोरा काप. तिला दुखतंय." मी न्हाय लिहिलं. उलटं लिहिलं. रोज पोरगी इचारायची, लिहिलंस का. मी व्हय म्हणायची. तापातल्या पोरीला रोज फसवलं.

मग तुजं पत्र आलं, तलंग उभी राहिली म्हणून. ते ऐकून ती म्हणाली, "मावशीनं कापला." मला काय बी कळलं न्हाय, तिला लगीच कळलं. हसली. त्यानंतर दोन दिसांनी गेली, पर हसली त्ये तवाच.

मरीआईनं नवस टाकला का काय, मला ठावं न्हाय. तुज्या हाताला मी बोल लावणार न्हाय. मला तलंग बघायची हाय.

पाठची भन म्हणून जवळ कर.
गोजा

वळसंग, ता. ४ फेब्रुवारी १९३२

चि. सौ. गोजाबाईस आशीर्वाद. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. ऐतवारी ये. कण्या आणू नको, हितं हायत. तलंग लंगडत चालती, हाक मारली तर येत न्हाय. हातावर कण्या घिऊन खाली बसावं लागतंय, तवा येती. मला तेवढा दम न्हाय. तू बस.

केराबाई