दोन खोल्यांतली साक्ष

चामराजपेट, बेंगळुरू
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय अलकावहिनी,

सप्रेम नमस्कार. निपाणीला सगळे बरे असतील. सिद्धीची सहामाही झाली ना? गणितात किती पडले ते कळव, म्हणजे कळवावंसं वाटलं तर. इथे सगळं ठीक. छे, कुठलं ठीक! हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली. फोन तू उचलत नाहीस, आणि हे फोनवर बोलायचंही नाही.

अण्णाच्या अपिलाची सुनावणी दिल्लीला झाली, दोन न्यायमूर्तींपुढे. निकाल राखून ठेवलाय. सतरा दिवस झाले. मोबाइल न्हाणीतसुद्धा घेऊन जाते मी आता. वकिलांची ज्युनिअर अक्षरा म्हणते, "अक्का, स्वल्प धीर धरा." कुठून धरू?

तिनेच पाठवलेल्या लिंकवर मी सुनावणी पाहिली. मला वाटलं होतं, साक्षीदारांना पुन्हा बोलावतील, मलाही विचारतील. कसलं काय! तिथे कुणालाच बोलावत नाहीत. खालच्या कोर्टात जे बोललो ते टाइप करून बांधलेलं असतं, तेवढंच वाचतात. अक्षराने समजावलं, की खालच्या कोर्टाने सोडलेल्या माणसाला हायकोर्टाने जन्मठेप दिली, की वरचं कोर्ट मुख्यतः एकच बघतं: सोडणाऱ्या न्यायाधीशाचं म्हणणं पटण्यासारखं होतं की नाही? असेल, तर हायकोर्टाने त्यात हात घालायला नको होता.

आणि सगळ्यांनी वाचली ती माझीच साक्ष. तुला ती पाठ असेल. आठ वर्षांपूर्वी अण्णाचा भागीदार हयवदन, त्याला दोघांच्या छपाईच्या प्रेसमध्ये रात्री आठच्या सुमारास कुणीतरी डोक्यात काहीतरी घालून ठार मारलं. अण्णा म्हणाला, मी साडेसातलाच घरी आलो, कुकर लावला. तू आणि सिद्धी निपाणीला होतात. मी सांगितलं, सहापासून मी घरीच होते, डोकं दुखत होतं, आतल्या खोलीत दार लावून पडले होते. अण्णाला पाहिलं ते नऊ वाजता. खालचे न्यायाधीश म्हणाले, झोप लागली असेल. हायकोर्ट म्हणालं, दोन खोल्यांच्या घरात कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत? म्हणजे आरोपी घरी नव्हताच.

दिल्लीतही गाडी तिथेच अडली. आपले वकील म्हणाले, ती गाढ झोपली असेल. थोरल्या न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "झोपले होते असं ती स्वतः कुठेच म्हणत नाही. आणि सख्खी बहीण भावाला अडकवायला खोटं का बोलेल?" वकील पानं उलटू लागले. इथे माझी पाचावर धारण बसली. "मी सांगते!" म्हणून ओरडले त्या मोबाइलवर. कुणाला ऐकू जाणार होतं?

वहिनी, मी घरी नव्हतेच.

मारतहळ्ळीला होते, जितेंद्रच्या फ्लॅटवर. ऑफिसातला, पुण्याचा. लग्न झालेला, बायको पुण्यालाच. झालं, लिहिलं एकदाचं. नऊला घरी आले तेव्हा अण्णा बनियनवर टीव्ही बघत बसला होता. वरणभात झाकून ठेवलेला, भात गारढोण. "जेवून घे," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी विचारलं, तुम्ही कुठे होतात? घरीच, म्हटलं. अण्णाला कुणी धरेल हे मनातसुद्धा नव्हतं गं. मग ते एक खोटं टिकवायला डोकेदुखी आणली, लावलेलं दार आणलं. कोर्टात शब्द फिरवला असता तर जितेंद्रचं नाव निघालं असतं, चामराजपेटेत तोंड दाखवायला जागा उरली नसती. आणि अण्णा सुटेलच म्हणत होते सगळे. सुटलाही होता!

सगळ्यात वाईट ते अजून लिहिलेलंच नाही. अण्णाला ठाऊक होतं. घरात तो एकटा होता; आतल्या खोलीत मी नव्हते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? माझी साक्ष तो पिंजऱ्यात उभा राहून ऐकत होता. त्याचे वकील उलटतपासणीला उठले, तर त्याने त्यांना जवळ बोलावलं आणि म्हणाला, "लहान आहे ती. तिला काही विचारू नका." जुन्या वकिलांनी फाईलवर तसं टिपून ठेवलंय. परवा अक्षराने वाचून दाखवलं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

आणि तू विश्वास ठेवलास तो माझ्यावर. हायकोर्टाचा निकाल लागला आणि तू सिद्धीला घेऊन निघालीस. अडीच वर्षांत त्याला तुरुंगात एकदाही भेटली नाहीस. तुम्हाला बसवर सोडायला मी आले होते, वहिनी! मिठाची गुळणी धरून उभी होते.

सोमवारी सकाळी प्रतिज्ञापत्र करतेय. वकील म्हणाले, निकाल राखल्यावर कोर्ट असलं काही सहसा घेत नाही. आणि खोट्या साक्षीसाठी तुमच्यावरच खटला होऊ शकतो, विचार करा. सरी, ठीक आहे, म्हटलं. आठ वर्षं दुसरं काय केलं?

कोर्ट वाचेल, न वाचेल. तू तर वाचलंस. बुधवारी तुरुंगात भेटीचा दिवस आहे. जा. मी हातापाया पडते म्हणून नको जाऊस. तो खरं बोलत होता, म्हणून जा.

'तुझी' लिहायला हात धजत नाही.

सुचेता