फोटोच्या मागच्या चार वळी

काहून सांगितलं न्हाई तुमी, उस्ताद? नुसता अंगठा ओला केला आन पुसून टाकलं. फोटोच्या मागं मी शाईनं त्या जागेची वाट लिहिली होती, चांगल्या अक्षरात, आन तुमी ती थुंकीनं फासली, तीही चाचीसमोर. शिकलेल्या पोराला कारण लागतं. कारण सांगितलं असतं तर आज मी असा भांडत बसलो नसतो. तुमाला जाऊन दहा वर्षं झाली, तरी या बाबतीत भांडायला दुसरं कुणी न्हाई मला.

तुमचं दुकान हिंगोलीच्या बाजारात, पण फोटोच्या काचा धुवायच्या त्या तुमच्या घरी, चाचीच्या चुलीपाशी. भर दुपारी खिडकीला घोंगडी लावायची, लाल कंदील पेटवायचा, पाण्याच्या परातीत काच हलवत बसायचं. चाची दाराआडून म्हणायची, औषधाचा हात डाळीच्या भांड्याला लागला तर उस्ताद आन शागीर्द दोघंबी आज उपाशी. तुमी हसत न्हाई. तुमी काचेकडं बघून राहिलेले. काचेवर आभाळ आधी काळं होतं, डोंगर नंतर येतो, हे मी तिथंच पहिल्यांदा पाहिलं.

पोट लग्नाच्या फोटोंवर, पण जीव तुमचा पुसेगावच्या पलीकडच्या सरकारी राखीव डोंगरात. जागा शोधायला जाताना कॅमेरा न्यायचा न्हाई, हा तुमचा कायदा. तीनदा रिकाम्या हातानं जायचं, ऊन कुठं पडतं ते बघायचं. आन त्याच्या आधी तांड्यावर जाऊन नायकाला विचारायचं. त्याचे बापजादे बैलांवर मीठ लादून या डोंगरातून जायचे, वाटा त्याच्या पायातच होत्या. चौथ्या वेळेला त्यानं आपल्याला त्या कड्यावर नेलं. समोर खोल कपार, कपारीत झरा, बाकी कुठूनच दिसत न्हाई, फक्त तिथून दिसते. दुपार कलली की ऊन सरळ कपारीत शिरतं. डोंगराला माप लागतं, असं म्हणून तुमी नायकाच्या लेकीला घागर घेऊन झऱ्यापाशी उभं केलं. ती हलत होती. तुमी वरून ओरडलात की हालशील तर फोटोत तुझी दोन भुतं येतील, तशी ती हसली आन मग दगडासारखी थांबली. फोटोत ती तिळाएवढी हाये.

मी त्याच फोटोमागं वाट लिहिली होती. तुमी पुसली. मला वाटलं, म्हातारा आपल्या जागा लपवून राहिला, धंद्याची कंजुषी. तुमच्यानंतर हैदराबादेहून कॉलेज करून आलो तेव्हा तर माझं पक्कं झालं होतं की चांगली जागा म्हणजे कुणाची मिरास न्हाई. मग एका साहेबाला डाक बंगल्याच्या भिंतीवर डोंगराचे देखावे पाहिजे होते, मागं वाट लिहिलेले, पाहुण्यांना जाऊन बघता यावं म्हणून. तुमची तीच काच काढली, नवा फोटो छापला. मागं चार वळी लिहिल्या. तांड्यापासून डावीकडं, वढ्याच्या काठानं, सालईच्या झाडाखालून वर. शेवटची वळ अशी: इथून समोरचं सगळं दिसतं, आन तिकडून आपण कुणाला दिसत न्हाई. ती वळ मला फार आवडली होती, उस्ताद. मी ती माझ्या वहीत पण उतरवून ठेवली.

या भादव्यात, हैदराबादचं राज्य मोडायला फौज यायच्या आधी, बंदुका घेतलेली माणसं त्या बंगल्यात उतरली. तांड्यातली बायालेकरं तेव्हा कपारीत जाऊन लपलेली. नायक दाणे आणायला दुसऱ्या गावी गेलेला. परत आला तेव्हा झऱ्याचं पाणी पिण्यासारखं उरलं नव्हतं. लेक त्यातच, तिचं लेकरू तिच्याखाली. तो कड्यावर चढला, तर तिथं हा फोटो पडलेला, चौकटीतून काढलेला.

काल तो फोटो घेऊन दुकानात आला. म्हणला, "तुमची चीज हाये, भाऊ. भिजली न्हाई." मग तिळाएवढ्या पोरीवर नख ठेवून म्हणला की तिचा दुसरा फोटो न्हाई, हाच जरा जाड करून द्या, भिंतीला लावतो. आन उलटा करून विचारलं, मागं काय लिवलंय.

मी म्हणलं, तिचं नाव.

"नाव तर एवढुसं हाये तिचं. चार वळी काहून?"

बापाचं नाव, तांड्याचं नाव, सगळं लिहिलंय, असं मी म्हणलं. त्यानं चारी वळींवरून बोट फिरवलं, हळूहळू, एकेक वळ.

फौज आली तेव्हा मुसलमानांवर पाळी आली, चाची पण घर सोडून चार दिवस कुठंतरी लपली होती. आता परत आली. कुठं होती ते मी विचारलं न्हाई. तेवढं शिकलो.

आता हा कागद काचांच्या पेटीत टाकतो, तुमच्यापर्यंत कुठला जातोय तो. पण एक खरं सांगून टाकतो. तुमी कारण सांगितलं होतं. पुसता पुसताच म्हणलात, "बेटा, आपण तिथं बघायला जातो. कुणीतरी तिथं राहतं." मी बराबर ऐकलं होतं. मला ते म्हाताऱ्याचं बोलणं वाटलं.

नायक बाहेर वट्यावर येऊन बसलाय. फोटोच्या पाठीला मी जाड पुठ्ठा लावलाय, चारी कडांना खळ भरून, आता त्या वळी कुणालाच वाचता येणार न्हाईत. खळ अजून ओली हाये. सुलटा त्याच्या हातात देतो आन तसाच स्टेशनाकडं निघतो, गाडीचा टाइम झालाय. तो उठला बघा, कायतरी विचारायला. मी चाललो.