डाव्या दारावरचा पोचा

९ मार्च, दुपार

प्रिय दादा,

तीर्थरूप लिहिलं तर तू हसशील, म्हणून प्रियवरच भागवते. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे.

गाडी नव्याने रंगवायचीय. जुना रंग पार पत्र्यापर्यंत काढायचा, म्हणून आठवडाभर दुकानं पालथी घातली. पहिला म्हणाला, वाळूच्या फवाऱ्याने दुपारपर्यंत कोरी करून देतो. त्याच्याकडचं एक बॉनेट पाहिलं, तापून पार वेडंवाकडं झालेलं. दुसरा हाताने वरचा एकच थर खरवडतो. "खालचं खाली राहू द्या की, ताई!" मला तो फारच पटला.

तिसरी एक बाई आहे. ती अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या जोराने मारते, पत्र्याला धक्का लागत नाही. नमुना म्हणून तिने डाव्या दारावर तळहाताएवढी जागा साफ केली. पांढरा गेला, हिरवा आला, मग तो निळा. आपण मागच्या सीटवर पाय दुमडून झोपायचो, तेव्हाचा. शेडमध्ये भुगा उन्हात तरंगत होता. वाटलं, पुढे बाबा शीळ घालताहेत, आणि आपण अजून कुठे पोचलेलोच नाही.

"इथे कडेला लांबी, म्हणजे पुट्टी भरलीय," बाई म्हणाली. "खाली मोठा पोचा असणार. सगळा उघडा पडेल. चालेल?"

दादा, खांबावर गाडी मी घातली होती. घाबरून किल्ली तुझ्या शर्टाच्या खिशात टाकली. बाबा तुला नाही नाही ते बोलले. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस आणि बॅग भरून घर सोडलंस. अकरा वर्षं मी मिठाची गुळणी धरून बसले. मला लाज वाटते रे. दुसरा माणूस मला का पटला, ते आता कळलं असेल.

तिसरीलाच हो म्हणाले. काम गुरुवारी आहे. बाबा बघायला येणारच म्हणतात. पोचा दिसला की ते पुन्हा तुझ्या नावाने खडे फोडतील. त्याआधी मी बोलणार आहे. उघडा पत्रा लगेच गंज धरतो, म्हणून शुक्रवारी प्रायमर. गुरुवारीच ये. आलास तर तुझ्यासमोर सांगेन. नाही आलास तरी सांगेन. फक्त या वेळी मला पाठीशी घालू नकोस.

माझ्या वाट्याची बोलणी तुझ्याकडून परत मागणारी,
ठमी