खिडकीतल्या सात काड्या

नोरीन,

मी सातच्या बसनं बॅलरॅटला जातेय. क्लाइव्हची राख घेऊन जा, असा काल तिथल्या दहनगृहातून फोन आला होता. तुला उठवलं नाही, कारण तू सोबत आली असतीस आणि वाटभर बोलली असतीस. फ्रिजमध्ये मटण आहे, गरम करून घे.

खिडकीतल्या सात गुलाबाच्या काड्यांवर पालथ्या घातलेल्या बरण्या उचलू नकोस. मुळं फुटावीत म्हणून विलोच्या झाडाच्या डहाळ्या भिजवलेलं पाणी घाणेरडं दिसतं, पण ते ओतून देऊ नकोस. दुपारी तेच चमचाभर प्रत्येक बरणीच्या बाहेरून, कडेच्या मातीत घाल. आणि मधाची बाटली धुवू नकोस. तुझ्या भावानं जायच्या दोन दिवस आधी त्याच मधात बुडवून या काड्या लावल्या. बाटलीच्या कडेला त्याची बोटं अजून उमटलेली आहेत.

काल तू एक काडी उपटून पाहिलीस. माती सैल लागली, म्हणून कळलं. मला राग आला नाही. यायला हवा होता, एवढं फक्त लक्षात आलं.

पानं फुटलेली पाहून तू डॅरिलला फोनवर सांगितलंस, "तुझ्या बाबाचे गुलाब लागले बरं का!" लागलेले नाहीत. मूळ नसलं तरी काडी अंगातल्या ओलाव्यावर पानं काढते, आणि मग कधीकधी एकदम काळी पडते. खरं काय ते थंडी सरून वसंत आला की, सप्टेंबरात कळेल.

त्याच फोनवर तू त्याला म्हणालीस, "तुझी आई आता दोन वेळा जेवते, सावरली." तेही सप्टेंबरातच सांग.

ग्लेनिस