दमा नव्हे, धाप

बाई, काल सकाळी मी पळाले. भरभर चालले असं नव्हे, चक्क पळाले, मैदानाची अख्खी एक फेरी. बघणाऱ्याला ते पळणं वाटलं नसेल कदाचित, कारण फिरायला आलेले एक आजोबा बराच वेळ माझ्या बरोबरीनेच चालत होते आणि शेवटी पुढेही गेले. पण माझे दोन्ही पाय मधूनमधून एकाच वेळी जमिनीवरून सुटत होते, आणि त्यालाच पळणं म्हणतात, असं मला शिकवणारी मुलगी सांगते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरी येऊन चहाचं आधण ठेवताना वाटलं, हे सगळ्यात आधी आपल्या पीटीच्या बाईंना कळायला हवं.

शाळेतल्या इतक्या पोरींमधून तुम्हाला मी आठवत असेन याची मला खात्री आहे, कारण तुमच्या तासाला तुमच्या शेजारी सगळ्यात जास्त वेळ मीच बसले आहे. लहानपणी मला दम्याचे अटॅक यायचे. घरात नीलगिरीचा वास, ओव्याची पुरचुंडी तव्यावर, आई छाती शेकतेय आणि सातपूरच्या कारखान्यातून सेकंड शिफ्ट करून आलेले वडील डबा तसाच हातात धरून दारात उभे. केळं बंद, दही बंद, चिंच तर स्वप्नातसुद्धा बंद. त्या धास्तीनेच आई शाळेत आली आणि तुम्हाला म्हणाली, ‘‘बाई, हिला दमा आहे. हिला पळवू नका.’’ तुम्ही मान हलवलीत. त्या दिवसापासून कडुनिंबाच्या पारावर, पोरींच्या चपलांच्या ढिगाशेजारी माझी जागा ठरली.

तिथे बसून मी एक गोष्ट रोज ऐकायचे आणि मला ती काही केल्या समजायची नाही. पाचवारी साडी खोचून, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून तुम्ही मैदानाच्या मधोमध उभ्या असता आणि ओरडता, ‘‘काय गं, एवढ्यात दम लागला? चला, अजून एक फेरी!’’ आणि पोरी कमरेवर हात ठेवून, लालबुंद होऊन, खिदळत पुन्हा सुटतात. मी पारावरून बघतेय. यांना दम लागतो आणि या हसतात कशा? आमच्याकडे दम लागला की रडारड, रिक्षा, डॉक्टर. मला वाटायचं, यांचा दम साधा असणार आणि माझा मोठा. जिना चढताना, भांडताना, एकदा तर खूप हसल्यावरही श्वास जोरात चालू लागला की आई दचकून विचारायची, ‘‘दम लागला का गं?’’ मी हो म्हणायचे आणि खाली बसायचे. दम आणि दमा यांत नुसता एका कान्याचा फरक. आमच्या घरात तो काना कुणी बघितलाच नाही.

सातवीत एकदा खो-खोला एक भिडू कमी पडला. तुम्ही आत वही आणायला गेला होतात. मी पारावरून उतरून गुपचूप रांगेत जाऊन बसले. पाठीत खो बसला, मी उठले आणि धावले. किती धावले असेन? समोरची पोरगी अगदी हाताशी आली होती, एवढं आठवतं. तेवढ्यात तुमचा हात माझ्या दंडाला. ‘‘कुणी सांगितलं होतं तुला? काही झालं असतं तर तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी?’’ तुमचा आवाज चढला होता, पण हात थरथरत होता. पुढच्या आठवड्यात तुम्ही माझ्यासाठी कॅनव्हासचे बूट घेऊन आलात. ‘‘मैदानावर असतेस ना, मग बूट हवेतच,’’ म्हणालात. स्पर्धांच्या वेळी मला तुमचं घड्याळ सांभाळायला दिलंत. मी ऐटीत मिरवले त्या बुटांमध्ये. पोरींचे बूट दिवाळीपर्यंत मातकट होऊन फाटायचे, माझे मात्र घट्ट होईपर्यंत पांढरेशुभ्र राहिले.

मग सगळं आयुष्यच मी पारावर काढलं म्हणा ना. बसमागे धावले नाही, पुढची बस घेतली. मुलगा लहानपणी रस्त्याकडे सुटायचा तेव्हा मी जागेवरून किंचाळायचे आणि धावायचे ते शेजारी. सातपूरला ज्या कारखान्याच्या ऑफिसात काम करते तिथला जिना मी दोन ठिकाणी थांबत चढायचे, आणि सगळे समजूतदारपणे माझ्यासाठी थांबायचे. समजूतदार माणसं फार भेटली मला. दोन वर्षांमागे कंपनीत तपासणी झाली आणि शुगर निघाली, तीही चांगलीच. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण व्यायाम केला नाहीत तर इन्सुलिनवर जाल. मी नेहमीचं पान वाचलं, ‘‘मला दमा आहे.’’ त्यांनी विचारलं, ‘‘शेवटचा अटॅक कधी आला होता?’’ बाई, मी आठवत राहिले. लग्नानंतर? लग्नाआधी? डॉक्टर पेन हातात धरून थांबले होते.

त्यांनी माझी छाती नीट तपासून घेतली आणि मला एका मुलीकडे पाठवलं. व्यायामाने शरीरात काय काय होतं याचंच शिक्षण तिने घेतलंय. कुणाला किती व्यायाम द्यायचा, औषधासारखा मोजून, हे ती ठरवते. मूळची डोंगराकडच्या पेठ तालुक्यातली. मला काकू म्हणते, मी तो राग गिळला. पहिल्याच दिवशी तिने मी सवयीने बाळगलेला दम्याचा पंप शेजारी ठेवला आणि मला चालण्याच्या मशीनवर चढवलं. थोड्या वेळात श्वास फुलला, छाती धडधडायला लागली आणि मी लाल बटण दाबून मशीनचा दांडा कवटाळून उभी राहिले. ‘‘दम लागला! माझा पंप!’’ एरवी ती अगदी शहरी बोलते, पण कुणी घाबरलं की तिच्या तोंडून पेठ बाहेर येतं. ‘‘काकू, पंप हा इथं हाय. आधी माझ्याशी बोला. सकाळी काय खाल्लं?’’

‘‘पोहे.’’

‘‘नुसते पोहे?’’

‘‘शेव... थोडी... घातली होती.’’

‘‘थोडी म्हंजे?’’

‘‘अगं, मूठभर! मरायला टेकलेय मी आणि तू शेव काय मोजतेस?’’

ती हसायला लागली. तिने नळी लावून छाती ऐकली, मग एका यंत्रात मला जोरात फुंकायला लावलं. ‘‘भांडताय म्हंजे बोलता येतंय. छातीत शिट्टी नाय. दमा असला की श्वास बाहेर जाता जात नाय, कोंडतो. तुमचा जातोय, येतोय, जरा घाईत हाय इतकंच. ही धाप हाय काकू. मला बी लागते, आमच्या म्हशीला बी लागते. थांबा जरा, आपोआप उतरंल.’’ आणि ती उतरली. पंप न घेता, कुणी छाती न शेकता, नुसती उभी राहिले आणि माझी धाप उतरली. मी त्या मशीनवरच रडायला लागले. इतकी वर्षं मी जिला घाबरत होते ती सगळ्या जगाला लागते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर तिने मला हळूहळू उलगडलं. आधी भरपूर वेळ अंग तापवायचं. थंडीत नाकातोंडावर रुमाल बांधायचा. पंप खिशात हवाच, कारण माझा दमा खोटा नव्हता, झोपलेला आहे. चालताना बोलता यायला हवं, पण गाणं म्हणता आलं तर वेग कमी पडतोय. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं, कारण मांड्यांचे स्नायू काम करू लागले की रक्तातली साखर तेच ओढून घेतात. ‘‘लय घाई नाय,’’ हे तर रोजचंच. शुगर उतरली, डॉक्टर आता इन्सुलिनचं नाव काढत नाहीत. ऑफिसचा जिना मी न थांबता चढते आणि वर पोचून इतरांसाठी थांबते, त्यात मला फार मजा येते. आमचे हे म्हणतात, ‘‘आजवर तुझा सगळा दम मलाच द्यायचीस, म्हणून तुला पुरत नव्हता.’’

तुमची मुलगी नाशिकमध्येच असते. हे पत्र तिला नेऊन द्यावं असं आधी वाटलं होतं, पण नको. ती वाचेल आणि तिला वाटेल, या बाईने माझ्या आईची तक्रार केली. तशी तक्रार नाहीच. त्या वेळी डॉक्टरसुद्धा हेच सांगत, आणि तुमच्या हाताची ती थरथर मला अजून दंडाला जाणवते. माझ्यावर तितकं जपून प्रेम करणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. तेव्हा हे आपल्या दोघींतच राहू दे.

फक्त एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका. शाळा सुटली तरी कुठलंही मैदान दिसलं की माझी नजर आपोआप तुम्हाला शोधायची, उठू का म्हणून विचारायला. काल मी पळाले, धापा टाकत थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून एकटीच हसत सुटले, आणि त्या सबंध फेरीत, बाई, मला तुमची एकदाही आठवण झाली नाही.