दिवसाची लाइट

सोमवार, १२ जाने. बोरी बु.

दिवस वाया. साउंडवाला दर पाच मिनिटांनी हेडफोन काढतो आणि म्हणतो, "मॅडम, विहिरीची मोटार ऐकू येतेय." येणारच. या आठवड्यात बोरीला दिवसाची लाइट आहे, पुढच्या आठवड्यात रात्रीची, कांद्याची लागण नुकती झालीय, जो तो विहिरीवर. निरंजनला वाटलं होतं गाव म्हणजे शांतता. कुणी सांगितलं त्याला?

गोदाम मात्र खरंच सुंदर वाजतं. पारसच्या आजोबांचं, पूर्वी गूळ ठेवायचे. दगडी भिंती, वर सागाच्या तुळया. निरंजन आणि लॉरेन्सची व्हायोलिनं, माझा व्हायोला, पारसचा चेलो, चौघांनी पहिला सूर एकत्र लावला आणि तो भिंतींनी धरून ठेवला. पुण्यातल्या स्टुडिओत हे होत नाही. म्हणूनच रेकॉर्डिंगला आलो इथे.

विलासदादाने (मामेभाऊ, त्याच्याकडेच उतरलेय, बाकीचे नारायणगावला लॉजवर) आपण होऊन तासभर स्वतःची मोटार बंद ठेवली. "तुझं व्हऊ दे मंदे, मी मागून भिजवतो." पण आजूबाजूच्या सात-आठ विहिरींचं काय. शेवटी निरंजन व्हायोलिनचा गज खुर्चीवर टाकून म्हणाला, "रचनेचा संथ भाग असा होणार नाही. काहीतरी केलं पाहिजे." आणि पारसकडे बघितलं.

संध्याकाळी वहिनीने पिठलं-भाकरी. निरंजनवरचा राग तिच्यासमोर काढून टाकला. हसली. "वन्सं, तुमच्या सायबाला म्हणावं आमच्या कांद्याला सांग तहान लागू देऊ नको."

मंगळवार, १३

आज झालं. दुपारी लाइट गेली. एकेक मोटार थांबत गेली आणि मग नुसता वारा. साउंडवाल्याच्या बॅटऱ्या कालच चार्ज करून ठेवलेल्या, त्यामुळे आम्हाला काहीच अडलं नाही. निरंजन म्हणाला, संथ भाग. लगेच. आत्ता.

काय लिहू. इतकी वर्षं हा भाग वाजवतेय, मधे बारा स्वरांची एक जागा आहे, तिथे तिघं थांबतात आणि व्हायोला एकटा राहतो. कायम भीती वाटते तिथे. आज नाही वाटली. ती जागा संपताना पारसने चेलो खालून इतका हळू आणला की कुणी माझा हात धरल्यासारखं झालं. संपल्यावर कुणी हललं नाही. लॉरेन्सचे डोळे भरलेले.

एकच टेक. दुसरा घ्यायचा नाही असं चौघांनीही न बोलता ठरवलं.

लाइट अंधार पडेपर्यंत आली नाही. दादा चिडला होता. वायरमन म्हणाला लाइन दुरुस्ती, रात्री देऊ. आज खूप दिवसांनी शांत झोप लागणार.

बुधवार, १४. संक्रांत

वहिनीवर बिबट्या आला. जिवंत आहे. आधी ते लिहिते.

रात्री लाइट आल्यावर दोघं नवरा-बायको कांद्याला पाणी द्यायला गेले. दादा विहिरीकडे, वहिनी दारं धरायला, वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला. वाकून माती ओढत होती तेव्हा उसातून आला. दादाने आरडाओरड करून फावडं फेकून मारलं म्हणून गेला. उजव्या खांद्यावर खोल जखम, टाके, पडताना डावा हात मोडला. मंचरला दवाखान्यात आहे. मी झोपले होते. मला काही ऐकू आलं नाही.

दवाखान्याबाहेर गावातले दहा-पंधरा जण. सगळ्यांच्या तोंडी एकच, दिवसाची लाइट असताना रात्री का पाणी द्यावं लागलं. याच दिवसाच्या लाइटसाठी गावाने रस्त्यावर बसून मार खाल्लाय.

दुपारी गोदामात गेले, सांगायला की आज मला जमणार नाही. साउंडवाला वायरी गुंडाळत होता. सहज विचारतो, "मॅडम, आजही दुपारी लाइट बंद ठेवणार आहेत ना? मग मी बॅटऱ्या लावतो."

मी विचारलं, कोण बंद ठेवणार आहे.

त्याचा चेहरा पडला. बिचाऱ्याला वाटलं मला माहीत आहे.

बुधवार, रात्री पुन्हा

निरंजनला आता नि. एवढंच लिहिणार. पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही.

नि. नारायणगावला लॉजवर होता. तिळगूळ पुढे केला. मी घेतला नाही. विचारलं, लाइट तू बंद करायला लावलीस?

"मी फक्त म्हणालो की मला शांतता हवी. कशी आणायची ते मी सांगितलं नाही."

वहिनीचं सांगितलं. वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही. तोंड पांढरं पडलं. पण पुढचंच वाक्य, "पण मंदा, एरवीही ही माणसं आठवड्याआड रात्रीच पाणी देतात ना? हे कधीही होऊ शकलं असतं."

म्हणजे बिबट्या येणारच होता, आपण फक्त त्याची वेळ ठरवली.

मी म्हटलं, आठवड्याआड देतात, बरोबर. पुढच्या आठवड्यात दिवसा लाइट नाहीच, सगळ्या मोटारी आपोआप बंद. आठ दिवस थांबला असतास तर तुला ही शांतता आयती मिळाली असती.

"पुढचा आठवडा मला रिकामा नाही."

एवढंच. कांदा नाही, वहिनी नाही, त्याचा आठवडा. टेबलावरचा ग्लास उचलून भिंतीवर मारावा असं वाटलं. नाही मारला. आता वाटतंय मारायला हवा होता.

निघताना विचारलं, लाइटवाल्यांना फोन कुणी केला? लॉरेन्स कोपऱ्यात बसला होता, तो खाली बघत म्हणाला, "पारस."

गुरुवार, १५

पारस. पारस मंचरचा. आईवडिलांचं किराणा-भुसारचं दुकान, पणजोबा मारवाडातून आले आणि इथलेच झाले. आम्ही दोघं एकाच सरांकडे पुण्याला शिकायला जायचो, एकाच एसटीने. चेलोचं वेगळं तिकीट काढायला कंडक्टरने सांगितलं तेव्हा हा म्हणाला होता, मग त्याला खिडकी द्या. सगळी गाडी हसली होती. मी लोणीची, कोरडवाहू शेतकऱ्याची पोरगी, हातात व्हायोलिनचा डबा, गावात सगळे हसायचे. हा नव्हता हसत. याने कधीच मला तसं वागवलं नाही.

आणि याने फोन केला.

त्याच्या दुकानात गेले. गल्ल्यावर मोठे काका बसले होते, लाइटवाल्यांशी ओळख यांचीच. मला म्हणाले, "या बेटा, चहा घ्या." त्यांना बहुतेक काहीच माहीत नाही. पुतण्याने दोन तास लाइन बंद ठेवायला सांगा म्हटलं, त्यांनी सांगितलं.

पारसला बाहेर बोलावलं. हायवेवर ट्रकांची रांग, ओरडूनच बोलावं लागत होतं. बरं झालं.

"नि.ला कळलं नसतं. तो पुण्याचा. रात्रीचं पाणी म्हणजे काय ते त्याला माहीत नाही. तुला माहीत होतं."

म्हणाला, "मी दोनच तास सांगितलं होतं. ते रात्रीपर्यंत ओढतील असं वाटलं नव्हतं."

"वाटलं नव्हतं की विचार केला नव्हता?"

ट्रकांकडे बघत म्हणाला, "तो टेक ऐकलास? तू त्यात जे वाजवलंयस..."

थोबाडीत मारली. भर हायवेवर. कांद्याच्या गोण्या उतरवणारी माणसं बघत राहिली. माझाच हात दुखला.

शुक्रवार, १६

टेक ऐकला. साउंडवाल्याने मोबाइलवर पाठवला होता, दिवसभर उघडला नाही, मग उघडला.

वाईट असता तर किती बरं झालं असतं. कुठे स्वर सरकलाय का, कुठे गज अडखळलाय का, शत्रूसारखा शोधत होते. नाही. ती माझी एकटीची जागा येते आणि मागे काहीच नाही, गोदाम, आणि ते काहीच नसणं कुठून आणलंय ते मला माहीत आहे. आयुष्यात याच्याहून चांगलं मी वाजवणार नाही. यासाठी मी नि.ला आणि पारसला कधी क्षमा करणार नाही. दोन क्षमा नाकारतेय, वहिनीच्या खांद्यासाठी एक, आणि यासाठी दुसरी.

नि.चा फोन. हा टेक रेकॉर्डमध्ये जाणारच. मी म्हटलं, माझ्याशिवाय जाऊ दे. "तुझ्याशिवाय कसा जाईल, व्हायोला आहे त्यात." म्हटलं तेच तर. पुढच्या आठवड्यात ये, गावाची नेहमीची रात्रपाळी असेल, दिवसा शांतता असेल, पुन्हा वाजवू. वाईट वाजवू, पण ते आपलं असेल.

"तू भावनेच्या भरात बोलतेयस."

फोन ठेवला. हो, भरातच.

शनिवार, १७

वहिनीला सांगितलं. दादाला सांगायच्या आधी तिला सांगायचं ठरवलं होतं.

दवाखान्यात खाटेवर बसली होती, डावा हात गळ्यात, उजवा उचलता येत नाही. मी तिची वेणी घालत होते, म्हणजे तोंड दिसत नव्हतं, बोलायला सोपं गेलं. सगळं सांगितलं. नाव नाही सांगितलं. आमच्यातल्याच एकाने, एवढंच.

ती म्हणाली, "तुमाला ठावं व्हतं?"

"नाही वहिनी."

"मंग ठीक." मग, "काय वाजवलं यवढं? ऐकवा."

मी नको म्हटलं. ती म्हणाली, माझ्यापायी वाजलंय, मला ऐकायचं. मोबाइल उशीवर ठेवला. वॉर्डात एक म्हातारी कण्हत होती, बाहेर गाड्या. वहिनी मान वाकडी करून ऐकत बसली, शेवटपर्यंत. माझी जागा आली आणि गेली, मला तिच्याकडे बघवेना.

संपलं तेव्हा म्हणाली, "लई सावकाश हाय." आणि मग, रागावून नाही, हिशेब सांगावा तसं, "यवढ्या येळात दोन वाफं भिजलं असतं."

राहिलेली वेणी घातली. रिबीन सापडेना तर रुमालाच्या काठाने बांधली.

दादा डबा घेऊन आला, तिने त्याला माझ्यासमोर सांगून टाकलं. त्याने डबा खाली ठेवला. "नाव काय त्याचं?"

मी म्हटलं, उद्यापर्यंत थांब.

"मंदे, गावात लोक वायरमनला मारायला निघालेत. त्येचं काय चुकलं? त्याला फोन आला, त्यानं बटन दाबलं. नाव सांग."

बाहेर येऊन पारसला फोन केला. म्हटलं, तू स्वतः येऊन दादाला सांग, गावासमोर सांग, वायरमनला सोडव. उद्या दुपारपर्यंत आला नाहीस तर मी सांगते. तो म्हणाला, काकांचं नाव जाईल, दुकान आहे, बाजारात उद्यापासून... पुढचं मी विचारलं नाही.

आईचा लोणीहून फोन. सुरेखाला, म्हणजे वहिनीला, बघायला सोमवारी येते म्हणाली. वर विचारते, "तुमची रेकॉर्डिंग झाली का गं नीट?"

रविवार, १८

वहिनीला सकाळी घरी आणलं. वनखात्याने उसाच्या कडेला पिंजरा लावलाय. बायाबापड्यांची रांग, जी ती खांदा बघते आणि हळहळते. वहिनीला कंटाळा आलाय, पण कुणाला नको म्हणत नाही.

लॉरेन्सचा मेसेज. पुन्हा वाजवायचं असेल तर तो आहे म्हणतो. नि.चा काही नाही.

दुपार टळत आली. ओट्यावर बसून हे लिहितेय. कालव्याच्या पुलावर एक पांढरी गाडी उभी आहे. ओळखीची आहे, पारसची. मघाशी दार उघडलं होतं, पुन्हा लागलं. आत एकच माणूस दिसतो, स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला.

उठून आणायला जाणार नाही. इथपर्यंत आला, उरलेली वाट त्याने चालावी किंवा गाडी वळवावी. राग अजून तितकाच आहे, कालपेक्षा कणभर कमी नाही. तरी डोळे पुलावरच.

दादा गोठ्यातून आला, हात पुसत पुलाकडे बघू लागला.

"कोणाची गाडी हाय गं? लई येळची उभी हाय."

वहिनी आतून म्हणाली, "पावणं आसतील. पाणी ठेवा."