पस्तीस अक्षरांचं कारण

दि. १९ जून

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. आठांपैकी दोन अंगं, म्हणजे माझे गुडघे, सध्या कामावर येत नाहीत, तेव्हा सहांवर भागव. मी इथे खुशाल आहे. तुझी खुशाली विचारत नाही, कारण परवा फोनवर तुझा आवाज चांगला खणखणीत होता.

प्रथम एक गंभीर तक्रार नोंदवते. इथल्या बँकेने पैसे पाठवायच्या फॉर्मवर 'कारण' म्हणून एक रकाना ठेवलाय आणि त्यात फक्त पस्तीस अक्षरं मावतात. दोन शब्दांमधली मोकळी जागाही अक्षर म्हणून धरतात, म्हणजे माणसाने श्वास घेतला तरी तो मोजणार. वर लिहायचं रोमन लिपीत, त्यामुळे नुसत्या 'आई'लाच तीन घरं जातात. या बँकेच्या अध्यक्षाने घरच्या माणसाशी पस्तीस अक्षरांत भांडून दाखवावं, मी त्याच्या चादरी जन्मभर फुकट धुवीन.

तू म्हणालास, "तुझं काय म्हणणं आहे ते एकदाच सविस्तर पत्रात लिही, पण त्या चिठ्ठ्या बंद कर." म्हणून हे पत्र. इथे रकाना नाही. नीट टेकून बस.

चिठ्ठ्यांची वाट मला तूच दाखवलीस, हे विसरू नकोस. एकोणीस वर्षं तू कुरकुरत होतास, "तुझ्या पैशांपायी मला मी नोकरी करतो त्याच बँकेच्या शाखेत, माझ्याच साहेबापुढे दर महिन्याला उभं राहावं लागतं. परदेशातून रक्कम आली की चिठ्ठी निघते, शिपाई ती घेऊन सगळ्या टेबलांवरून फिरतो, साहेब कारण वाचतो आणि मग माझी सही घेतो." कारण दर महिन्याला तेच असायचं: आईचा खर्च. साहेब म्हणायचे, भाग्यवान माउली, मुलगी पाठवते आणि मुलगा सांभाळतो. हेही तूच सांगितलंस, आणि फार चवीने सांगितलंस.

तुझा पहिला प्रश्न होता, "तुला कुणी सांगितलं? मावशीनेच ना?" बिचाऱ्या मावशीवर आळ घेऊ नकोस. मला आईच्या सहीने सांगितलं.

फेब्रुवारीत इथल्या बँकेत नवा नियम आला. काउंटरवरच्या बाईने माझा कागद उलटसुलट करून पाहिला. "पैसे आईसाठी, मग खातं भावाचं कसं?"

"आमच्याकडे भाऊ आणि आई एकाच घरात राहतात," मी ऐटीत म्हणाले.

"मग आईच्या सहीची पावती आणा. पैसे मिळतात, एवढंच लिहून."

मी तुला कळवलं आणि तू दुसऱ्याच दिवशी पावती पाठवलीस. एवढ्या तत्परतेने तू आयुष्यात फक्त जेवायला बसला आहेस. मी दुपारच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात, इस्त्रीच्या टेबलावर तो कागद पसरला आणि पाहत राहिले. सही सुरेख होती. वळणदार, एका रेषेत, आणि वरची रेघ बरोबर नावाएवढी.

दादा, तू आईच्या शेजारी बसून अक्षरं गिरवलीस. आई सही कशी करते ते तू कधी पाहिलंच नाहीस का? ती आधी रेघ मारते. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग एकेक अक्षर तिला खालून लटकवते. लहानपणी तिच्या शाळेतल्या बाई यावरून रागावल्या तेव्हा म्हणाली होती, "आधी दोरी बांधावी, मग कपडे वाळत घालावेत." नाव संपतं, तरी रेघ आपली वीतभर पुढे गेलेली असते. पोस्टात, रेशनच्या दुकानात, माझ्या प्रगतिपुस्तकावर, सगळीकडे. तुझ्या पावतीवर दोरी कपड्यांपुरतीच होती.

मग मी मावशीला फोन लावला. नुसतं विचारायला, की आईचा हात बिघडलाय का, अक्षर सुधारलंय म्हणून.

मावशी म्हणाली, "हात ठणठणीत आहे. ही काय, समोर बसून भाजी निवडतेय."

"तुझ्याकडे आलीय?"

"आलीय म्हणजे? बारके, चार वर्षं झाली. तुझ्या दादानेच आणून सोडलं. म्हणाला, जिना चढवत नाही तिला." मग आवाज उतरवून, "तू पैसे बंद केलेस ना, त्याचं तरी कसं भागणार?"

मी कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसले. म्हटलं, आईला फोन दे. मागून आईचा आवाज ऐकू आला, "मला नाही बोलायचं तिच्याशी. ज्याचं त्याने बघावं असं कळवलंय ना तिने? बघतेय मी माझं."

हे मी कळवलं होतं म्हणे. तुझ्या तोंडून.

मी मावशीला सांगितलं, तिला एवढंच विचार, फेब्रुवारीत तू एका पावतीवर सही केलीस का? मग फोनवर आईच आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"रेघ कशी होती?"

"नावाएवढी," मी म्हणाले.

"मग ती माझी नाही."

एवढंच बोलली आणि रडायला लागली. मला वाटलं, चार वर्षांचा राग निघतोय. पण ती म्हणाली, "कितीदा गं हात धरून गिरवून घेतलं होतं त्याच्याकडून." तुझ्यासाठी रडत होती, दादा. मला त्याचाही राग आला.

तर तुझी करणी अशी. आईला जिना चढवत नाही म्हणून तिला मावशीकडे टाकलंस, आणि आईच्या पैशांतून जिना बांधलास. वर मजला चढवलास. मला फोटोही पाठवलास, "बघ, किती हवेशीर!" मी कौतुक केलं. पडद्यांचा रंगसुद्धा सुचवला.

त्यानंतर मी काय केलं ते तुला ठाऊक आहे. बँक पाठवू देईल तेवढी सगळ्यात लहान रक्कम, एक दिवसाआड एक. रकमेपेक्षा बँकेचं हशील जास्त. आयुष्यात एवढा वसूल झालेला खर्च मी दुसरा केला नाही. पहिली चिठ्ठी: "आई घरी नाही, मावशीकडे आहे." दुसरी: "आईची सही दादाने केली." तिसरी: "वरच्या मजल्याच्या फरशा आईच्या." तिच्यावर मी एक अख्खा रविवार घालवला, तेव्हा कुठे बसली. चौथी तर फार आटोपशीर झाली: "साहेब, जरा मोठ्याने वाचा."

पाचव्या खेपेला काउंटरवरच्या बाईला संशय आला. एवढ्या चिल्लर रकमा, इतक्या वेळा. "ही भाषा कोणती?"

"घरगुती."

"आणि रकान्यात काय लिहिलंय?"

"कारण," मी म्हणाले, आणि शब्दन् शब्द उलगडून सांगितला. तिने ऐकून घेतलं, मागच्या रांगेकडे पाहिलं, म्हणाली, "मलाही भाऊ आहे," आणि शिक्का मारला.

परवा तू ओरडलास, "बारके, शिपायापासून साहेबापर्यंत सगळे बघतात माझ्याकडे. शाखेत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!" मी म्हणाले, तोंड नको दाखवूस, पासबुक दाखव. तू फोन आपटलास. नंतर वहिनीने फोन करून सांगितलं, की ते दोन दिवस डबा परत आणतायत. मला वाईट वाटायला हवं होतं. मी थोडा वेळ वाट पाहिली, पण वाटलं नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते, कारण कागद उरलाय. मी चार वर्षं दर रविवारी फोन करत होते आणि तू म्हणत होतास, "आई झोपलीय." सकाळी अकरा वाजता झोपलीय, दुपारी चारला झोपलीय, संध्याकाळी दिवे लागताना झोपलीय. कुंभकर्णही मध्येच जेवायला उठायचा. मी विश्वास ठेवला असं नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर यावं लागलं असतं, रजा, तिकीट, आणि समोर बसून आईच्या तोंडाकडे पाहणं. त्यापेक्षा फॉर्म भरणं सोपं होतं. तू सही खोटी केलीस. मी काळजी खोटी केली, दर महिन्याच्या पाच तारखेला, पस्तीस अक्षरांत. एवढं कबूल करते. यातून तुला सूट मिळाली असं समजू नकोस.

व्यवस्था सांगते. आईचं स्वतःचं खातं उघडलंय, दुसऱ्या बँकेत, मावशीच्या घराजवळ. तिथला कारकून म्हणाला, "आजी, सही चौकटीबाहेर जातेय." आई म्हणाली, "मग चौकट मोठी करा." मावशी म्हणते, शेवटी त्याने दुसरा कागद दिला. यापुढचा पैसा तिथे जाईल. तुझ्या खात्यात फक्त चिठ्ठ्या येतील, आणि त्या येतच राहतील, जोवर तू मावशीच्या दारात उभा राहून, पैसे येत होते हे स्वतःच्या तोंडाने आईला सांगत नाहीस. तिला माहीत आहे. तरी तू सांगायचं. मी रजा टाकली आहे. पुढच्या महिन्यात येतेय आणि मावशीकडेच उतरणार आहे. तुझ्या हवेशीर मजल्यावर पाय ठेवणार नाही.

काल आईशी अर्धा तास बोलले. तुझे सगळे प्रताप पुन्हा एकदा क्रमाने वाचून दाखवले. ती हं हं करत होती. मी दम घ्यायला थांबले, तेव्हा म्हणाली, "आणि तू त्याचे स्वेटरचे दिलेस का?"

"कसले स्वेटरचे?"

"तू जाताना त्याने घेऊन दिला होता ना. उधारीवर. नवी नोकरी होती त्याची, दर पगाराला थोडे थोडे फेडत होता चार महिने. तुला सांगू नको म्हणाला होता. तीनशे वीस."

मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, तो आईने घेतलाय.

आज सकाळी कामावर जाण्याआधी बँकेत जाऊन आले. बरोबर तीनशे वीस तुझ्या हातात पडतील असे पाठवलेत, हशील मी वेगळं भरलं. व्याज धरलं नाही. कोपरावर विरलाय, तरी पैसे अख्ख्या स्वेटरचे आहेत. कारणाच्या रकान्यात फक्त "स्वेटर" लिहिलंय. पुढची सगळी जागा मोकळी सोडली.

आईची,
बारकी